घरगुती साबण आणि त्यात घालावयाची रानातील द्रव्ये
(विसरवाडी परिसरातील प्राथमिक शिक्षकांसाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



हात धुण्याचा साबण आज शाळेच्या साहित्यात असतोच. परंतु तो कशाचा होतो, हे फार थोड्या मुलांस ठाऊक असते. नवापूर तालुक्यात, सुरत-धुळे महामार्गावर वसलेल्या विसरवाडीच्या आसपास मोह, करंज, कडुनिंब, पळस ही झाडे मुलांच्या रोजच्या ओळखीची आहेत. ह्याच झाडांची फुले, पाने व बियांचे तेल घेऊन शाळेत साबण करावा, असे एखाद्या उत्साही शिक्षकाच्या मनात येणे साहजिक आहे. हा विचार चांगला आहे. मात्र त्यात एक धोका आहे आणि एक मोठा पाठही आहे. धोका दाहक सोड्याचा आहे. पाठ असा की, साबणात जी जी वस्तू घालावयाची तिला ‘तुझे काम काय?’ असे विचारावे आणि उत्तर प्रयोगानेच मिळवावे. ह्या दोन्ही गोष्टी नीट ध्यानात ठेवल्या, तर साबणाची एक वडी विज्ञान, गणित, भाषा व आरोग्य ह्या चारही विषयांना उपयोगी पडते.

प्रथम साबण म्हणजे काय, ते पाहू. तेल व तीव्र क्षार पाण्याच्या साहाय्याने एकत्र आले, म्हणजे त्यांचा संयोग होऊन साबण व ग्लिसरीन हे दोन नवे पदार्थ तयार होतात. ह्या क्रियेस साबणीकरण म्हणतात. त्यात तेल तेल राहत नाही आणि क्षारही क्षार राहत नाही. वडीचा साबण करण्यासाठी जो क्षार लागतो तो दाहक सोडा. बाजारात त्यास कॉस्टिक सोडा म्हणतात. पूर्वी क्षार निसर्गातूनच मिळवीत. लाकडाच्या राखेतून पाणी गाळले, की सौम्य क्षार मिळतो. त्यात चुन्याची निवळी मिसळली, म्हणजे तो तीव्र होतो आणि त्यापासून मऊ साबण होतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे खारे पाणीही क्षारासाठी प्रसिद्ध होते. काच व साबण ह्यांस लागणारी द्रव्ये तेथे सापडतात, अशी नोंद अकबराच्या काळातील ‘ऐन-इ-अकबरी’ ह्या ग्रंथात आहे. तेव्हा साबण हा परदेशातून आलेला केवळ कारखान्याचा माल आहे, अशी मुलांची समजूत असेल तर ती दूर करता येईल.

दुसरा प्रश्न तेलाचा. मोहाची फुले चैत्राच्या सुमारास वेचून होतात आणि बिया, म्हणजे टोळंबी, उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाच्या प्रारंभापर्यंत गोळा होतात. शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा कित्येक घरांच्या ओट्यांवर ह्या बिया वाळत असतात. मोहाचे तेल थंडीत तुपासारखे थिजते. अशा थिजणाऱ्या तेलापासून साबणाची वडी कठीण व टिकाऊ होते; परंतु फेस बेताचाच येतो. खोबरेल तेलाचा साबण याउलट भरपूर फेस देतो. पण त्याचे प्रमाण फार झाले तर कातडी कोरडी पडते. म्हणून दोन्ही तेले मिसळून घेणे इष्ट. करंजाच्या तेलाचा साबण गडद रंगाचा व उग्र वासाचा होतो. निंबोळीच्या तेलाचा वासही सहजी जात नाही. ही दोन्ही तेले खाण्याची नव्हेत. निंबोळीचे तेल पोटात गेले तर तान्ह्या मुलांस विषबाधा होऊ शकते. म्हणून त्याची बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

अखाद्य तेलांपासून साबण करण्याचा विचार नवा नाही. १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि खेड्यातील कच्च्या मालातून खेड्यातच उद्योग उभे करण्याच्या कार्यास संघटित रूप आले. पुढे १९५७ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोग आला व अखाद्य तेले आणि साबण हा त्याच्या ग्रामोद्योगांपैकी एक उद्योग ठरला. खाण्याचे तेल माणसांसाठी राहावे आणि रानात वाया जाणाऱ्या बियांचा साबण व्हावा, हे त्यामागील साधे सूत्र होते. हे सूत्र शाळेनेही पाळावे. सातपुड्याच्या भागात मोहाचे तेल स्वयंपाकातही वापरतात. ज्या घरात ते तेल ताटात जाते, त्या घरातील मुलाकडून ‘साबणासाठी बिया आण’ म्हणून शाळेने बिया मागवू नयेत. थोडे तेल शाळेने विकत घ्यावे, अथवा पालकांनी आपखुशीने दिले तरच स्वीकारावे.

आता मुख्य विषय, म्हणजे तेल व क्षार ह्यांखेरीज साबणात घालावयाची द्रव्ये. ही द्रव्ये साबण बनवीत नाहीत. ती रंग, वास, स्पर्श किंवा फेस ह्यांत थोडाबहुत फरक करतात. काही तर काहीच करीत नाहीत आणि काही अपाय करतात. एकेकीची परीक्षा घेऊ.

हळद ही सर्वांत बोलकी वस्तू आहे. कपड्यावरील हळदीचा डाग साबण लागताच तांबडा होतो, हे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. हळदीतील पिवळे द्रव्य क्षाराच्या संगतीत तांबडे होते. कुंकू करण्याच्या जुन्या रीतीतही हळदीच्या ह्याच गुणाचा उपयोग होतो. म्हणून हळद घातलेला साबण ओतताना तांबूस दिसतो व वाळताना त्याचा रंग पालटत जातो. रंग पिवळा राहिला नाही, म्हणून साबण बिघडला असे नव्हे. अर्धा किलो तेलास अर्धा चमचा हळद पुरे. जास्त घातल्यास पंचा व हात रंगतात.

पळसाची फुले होळीच्या सुमारास रान उजळून टाकतात. ती सावलीत वाळवून ठेवावीत व त्यांचा काढा साबणाच्या पाण्याऐवजी घेऊन पाहावा. ह्या रंगावरही क्षाराचा परिणाम होतो आणि कालांतराने तो उडू लागतो. एक वडी अंधाऱ्या कपाटात व एक उन्हात ठेवून रंगाचा हा बदल मुलांनी आठवड्यागणिक नोंदवावा.

गुळाने फेस वाढतो. चमचाभर गूळ पाण्यात विरघळवून घातला, तर वडी अधिक फेसाळते. पण मिश्रण जास्त तापते व रंग काळवंडतो. मोहाच्या वाळल्या फुलांतही साखर विपुल असते. त्यांचे पाणी गुळासारखेच वागते की नाही, हा मुलांच्या निरीक्षणासाठी उत्तम प्रश्न आहे. दूध घातले तरी तसेच तापते, करपते व वास येतो. तेव्हा शाळेत दुधाचा प्रयोग करू नये. ते मुलांच्या पोटात जाणेच चांगले.

लिंबाचा रस घातल्याने साबण अधिक स्वच्छ करील, ही समजूत चुकीची आहे. लिंबातील आम्ल दाहक सोड्याशी संयोग पावून त्याचा काही भाग खर्ची घालते. तेवढा सोडा तेलास मिळत नाही व वडी मऊ, तेलकट राहते. भांडी घासताना लिंबू उपयोगी पडते, म्हणून साबणातही पडेल असे नाही.

रिठा व शिकेकाई ह्यांविषयी नीट समजावून सांगितले पाहिजे, कारण येथे मुलांचा गोंधळ हमखास होतो. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते व त्यानेच फेस येतो. रिठ्याचे पाणी बाटलीत घालून हलवावे, साबणाचे पाणी दुसऱ्या बाटलीत घालून हलवावे. फेस दोन्हींत येईल. मग दोन्हींत हळदीच्या कागदाची पट्टी बुडवावी. साबणाच्या पाण्यात ती तांबडी होईल. रिठ्याच्या पाण्यात पिवळीच राहील. फेस आला म्हणजे साबण झाला असे नव्हे, हे मुलांना शब्दावाचून कळेल. आणखी एक भेद पाहावा. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी कठीण असेल, तर साबणाचा पांढरा साका बसतो. रिठ्याच्या पाण्याचा तसा साका बसत नाही. म्हणून रिठा वेगळा वापरणेच शहाणपणाचे; वडीत त्याची पूड घालून फारसे काही साधत नाही. ही पूड डोळ्यांत गेली तर फार झोंबते. रिठ्याचे पाणी ओढ्यात ओतू नये; माशांना ते विषारी असते.

गिलक्याचे वाळलेले फळ सोलले, की आत जाळी निघते. तिचा तुकडा साच्यात ठेवून त्यावर साबण ओतला, म्हणजे अंग चोळण्याची सोय होते. हे द्रव्य स्वस्त आणि निरुपद्रवी आहे व परसातच मिळते. बाकी शेतातील माती, गोठ्यातील शेण किंवा चुलीतील न चाळलेली राख साबणात घालू नये. माती व शेण ह्यांत धनुर्वाताचे जंतू असू शकतात आणि खरचटलेल्या हातास ते घातक ठरतात. मातीच घालावयाची असेल, तर बाजारातील स्वच्छ मुलतानी माती चमचाभर घ्यावी.

शेवटी बिब्बा. परीट पूर्वी कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करीत. ती खूण कितीही धुतली तरी जात नसे. त्याच बिब्ब्याचे तेल कातडीस लागले तर फोड येतात. बिब्बा रानातला आहे, नैसर्गिक आहे, औषधातही घेतात. तरी तो साबणात कदापि घालू नये. रुईचा चीकही तसाच, डोळ्यांस अत्यंत अपायकारक. जे निसर्गातील ते निरुपद्रवी, ही समजूत आजकाल जाहिरातींतून फार पसरली आहे. रानात राहणाऱ्या माणसाची अशी समजूत कधीच नव्हती. कोणते फळ खावे, कोणते टाळावे, कोणत्या झाडाचा चीक अंगास लागू देऊ नये, हे पाड्यावरील आजी नातवंडांस शिकवीतच आली आहे. शिक्षकाने ह्या ज्ञानाचा आदर करावा व ते वहीत उतरवून घ्यावे. मावची, भिली, कोकणी ह्या घरच्या बोलींत मोह, रिठा, बिब्बा ह्यांना काय म्हणतात, ते मुलांनीच फळ्यावर लिहावे व मराठी नावे त्यांच्या शेजारी यावीत.

आता दाहक सोड्याविषयी. सोड्यास कोणत्याही इयत्तेतील मुलाचा हात लागता कामा नये. हा नियम मोडून मिळणारे कोणतेही शिक्षण एका मुलाच्या डोळ्याच्या किमतीचे नाही. सोड्याचा एक शिंतोडाही डोळ्यात गेला, तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून सोड्याचे काम शाळा सुटल्यावर, मुले घरी गेल्यानंतर, दोन प्रौढांनी मिळून, मोकळ्या हवेत करावे. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत. बादलीभर स्वच्छ पाणी जवळ ठेवावे. सोडा थोडा थोडा करून थंड पाण्यात घालावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण ते एकदम उसळते. हे द्रावण हातास चटका बसेल इतके तापते. त्याची वाफ हुंगू नये. उरलेला सोडा घट्ट झाकणाच्या डब्यात, नाव लिहून, कुलपात ठेवावा. तो साखरेसारखा दिसतो, हे विसरू नये.

भांड्यांविषयीही सावध असावे. शाळेत पोषण आहाराची पातेली बहुधा ॲल्युमिनिअमची असतात. दाहक सोडा ॲल्युमिनिअमला खातो, त्यातून ज्वालाग्राही वायू निघतो व भांडे निकामी होते. म्हणून स्टेनलेस स्टीलचे किंवा जाड प्लॅस्टिकचे भांडे घ्यावे, त्यावर ‘साबण’ असे लिहावे आणि ते पुन्हा स्वयंपाकात कधीही जाऊ देऊ नये. अंगावर सोडा उडालाच, तर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावे; डोळा किमान वीस मिनिटे धुवावा व १०८ क्रमांकास दूरध्वनी करून रुग्णालयात न्यावे. त्यावर लिंबू, दही अथवा तेल लावण्यात वेळ दवडू नये.

सोड्याचे वजन अंदाजाने घ्यावयाचे नसते. शंभर ग्रॅम खोबरेल तेलास सुमारे १८.३ ग्रॅम दाहक सोडा लागतो; शंभर ग्रॅम मोहाच्या तेलास सुमारे १३.५ ग्रॅम. मोहाचे तेल ३०० ग्रॅम व खोबरेल २०० ग्रॅम घेतले, तर पहिल्यास ४०.५ व दुसऱ्यास ३६.६, मिळून ७७.१ ग्रॅम सोडा होतो. साबणात मोकळा क्षार उरू नये, म्हणून ह्यातून पाच ग्रॅम कमी करून ७२ ग्रॅमच घ्यावा. पाणी १७० ग्रॅम. सहावी-सातवीच्या वर्गास त्रैराशिकाचे ह्याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. हे गणित मुलांनीच करावे, तेलाचे वजनही मुलांनीच करावे. सोडा मात्र शिक्षकाने तोलावा. तेल बदलले तर सोड्याचे प्रमाण बदलते, हेही त्यांच्याकडून काढून घ्यावे.

सोड्याचे द्रावण व वितळलेले तेल दोन्ही कोमट झाल्यावर एकत्र करून ढवळावीत. पळीने ओघळ सोडला असता त्याची रेघ पृष्ठभागावर क्षणभर टिकू लागली, म्हणजे मिश्रण ओतण्याजोगे झाले. ह्याच वेळी त्याचे चार भाग करावेत. एका भागात काहीही घालू नये. दुसऱ्यात हळद, तिसऱ्यात गुळाचे थोडे पाणी व चौथ्यात गिलक्याची जाळी घालावी. काहीही न घातलेली वडी ही ह्या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाची वडी होय. तिच्यावाचून बाकीच्या वड्यांत काय फरक पडला, हे कळणार कसे? एका वेळी एकच गोष्ट बदलावी, ही विज्ञानाची शिस्त येथे सहज अंगवळणी पडते.

दोन दिवसांनी वड्या कापाव्यात. त्या वेळीही मोजे घालावेत. नंतर चार ते सहा आठवडे हवेशीर सावलीत, मुलांच्या हातास येणार नाहीत अशा फळीवर वाळवाव्यात. ह्या काळात दर सोमवारी शिक्षकाने वड्या तोलाव्यात व मुलांनी वजन नोंदवून आलेख काढावा. पाणी उडून वजन कसे घटते, ते त्यांना दिसेल. वडीवर पाण्याचे थेंब सुटले, पांढरे खडे दिसले किंवा ती ठिसूळ होऊन तुटू लागली, तर ती वापरू नये. हळदीच्या कागदाने परीक्षा घ्यावी; परंतु चांगला साबणही कागद तांबडा करतो, हे ध्यानात असावे. म्हणून बाजारातील साध्या साबणाची वडी शेजारी ठेवून तुलना करावी. वडी जिभेस लावून पाहण्याची जी रीत काही ठिकाणी आहे, ती शाळेत सर्वथा वर्ज्य समजावी.

ज्या शाळेत दुसरा प्रौढ उपलब्ध नाही, अथवा कुलपाची सोय नाही, तेथे सोड्याचा प्रयोग करूच नये. त्यामुळे पाठ अडत नाही. बाजारातील साधा साबण किसून, थोड्या पाण्यात घालून, शिक्षकाने मंद आचेवर मऊ करावा आणि निवल्यावर मुलांनी त्यात हळद किंवा पळसाचा काढा मिसळून वड्या थापाव्यात. रिठ्याचे, हळदीच्या कागदाचे व कठीण पाण्याचे प्रयोग तर सोड्यावाचूनच होतात. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेने उद्योगाच्या द्वारे शिक्षणाचा जो विचार मांडला, त्याचे मर्म हाताच्या कामातून बुद्धीचे काम घडावे हे होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. साबणाचा हा उपक्रम त्या दिवसांत सहज बसतो.

तयार झालेल्या साबणाविषयी दोन पथ्ये पाळावीत. पहिले असे की, त्याने खरूज, गजकर्ण किंवा नायटा बरा होतो असे मुलांस वा पालकांस सांगू नये. हळद, निंब, करंज ह्यांची नावे ऐकून गावकरी सहज विश्वास ठेवतील. त्यात शिक्षकाने सांगितले म्हणजे बोलावयास नको. परंतु साबण लावताच क्षणात धुतला जातो. तो औषधाची जागा घेऊ शकत नाही. खरूज एका मुलास झाली तर घरातील सर्वांवर एकाच वेळी उपचार व्हावे लागतात. ज्या घरात साबणावर विसंबून महिना जातो, त्या घरातील तान्हे मूलही तोवर खाजवू लागते. अशा मुलास शासकीय दवाखान्यात पाठवावे. दुसरे पथ्य असे की, हा साबण विकू नये. अंगाचा साबण विक्रीसाठी करावयाचा तर कायद्याने परवाना लागतो. एखाद्या बचत गटास तो उद्योग करावयाचा असल्यास त्यांनी रीतसर प्रशिक्षण व परवाना घ्यावा; शाळेने त्यांचा कारखाना होऊ नये.

हात धुण्याचे काम मात्र हळदीवाचून, मोहावाचून, सुगंधावाचूनही होते. साबण, वाहते पाणी आणि वीस सेकंद चोळणे, एवढेच त्यास लागते. २००८ पासून १५ ऑक्टोबर हा दिवस जागतिक हात धुणे दिन म्हणून पाळला जातो. जुलैत तेल आले, ऑगस्टच्या अखेरीस साबण ओतला, तर ह्या दिवसापर्यंत वड्या वापरण्याजोग्या होतात. त्या दिवशी मुलांनी चारही वड्या व आपल्या नोंदवह्या पालकांपुढे मांडाव्यात. कोणत्या वडीने फेस जास्त दिला, कोणती लवकर झिजली, कोणत्या द्रव्याने काहीच फरक पडला नाही, हे मुलांनीच सांगावे. ‘काहीच फरक पडला नाही’ हेही उत्तरच होय. ते सांगण्याचे धैर्य ज्या वर्गात येईल, त्या वर्गाचा पाठ पुरा झाला असे समजावे. त्यानंतर जेवणाची घंटा होण्यापूर्वी सर्वांनी, शिक्षकांसह, हात धुवावेत.